आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडास्पर्धांतील जलतरण

१. उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर तुम्हांला पुढील गोष्टी साध्य होतील.
• जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धांचा उगम व त्यामागील भूमिका स्पष्ट करता येईल.
• जलतरण शर्यतीचे स्वरूप, प्रमुख नियम व वेळमापनाची पद्धत विशद करता येईल.
• उच्च शिक्षण आणि स्पर्धात्मक खेळ यांच्यातील ताण जलतरणात विशेष तीव्र का होतो, याची कारणे सांगता येतील.
• वृत्तपत्रातील जलतरणविषयक मजकूर जाणतेपणाने वाचता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, खेळ आणि अभ्यास यांचे नाते आपल्या समाजात बहुधा विरोधाचे मानले जाते. 'खेळात वेळ घालवू नकोस' हे वाक्य ऐकले नाही, असे मराठी घर विरळाच. मुलाने वा मुलीने दहावीपर्यंत पोहावे, पळावे. पुढे मात्र 'करिअर'कडे लक्ष द्यावे, अशी सर्वसाधारण धारणा असते. या धारणेला छेद देणारी एक आंतरराष्ट्रीय परंपरा शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. ती म्हणजे विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा.

या स्पर्धांकडे अनेकदा 'छोटे ऑलिंपिक' म्हणून पाहिले जाते. ही तुलना सोयीची असली तरी पुरेशी नाही. कोण सर्वांत वेगवान आहे, हे ऑलिंपिकमध्ये ठरते. तेच विद्यापीठ स्पर्धांतही ठरते. पण त्यांच्या पात्रता-नियमात आणखी एक प्रश्न अनुस्यूत आहे. पदवीचे शिक्षण घेत असतानाच एखादी व्यक्ती खेळातही उच्च पातळी गाठू शकते काय? या प्रश्नाची सर्वांत कठीण कसोटी ज्या खेळांत लागते, त्यांत जलतरणाचा समावेश होतो. असे का, हे प्रस्तुत पाठात पाहू.

३. स्पर्धांचा उगम आणि भूमिका

पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपात विद्यार्थ्यांनी परस्परांना ओळखावे, या हेतूने अनेक चळवळी सुरू झाल्या. फ्रान्समधील झाँ पेतिजाँ यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडास्पर्धा भरवण्यात आल्या. पुढील वर्षी वॉर्सा येथे अशाच स्पर्धा झाल्या आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही परंपरा टिकून राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र जगाप्रमाणेच विद्यार्थी चळवळीचेही दोन तट पडले. सोव्हिएत प्रभावाखालील देशांचे विद्यार्थी एका संघटनेत राहिले, तर पश्चिम युरोपातील संघटनांनी १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघाची स्थापना केली. फ्रेंच नावातील आद्याक्षरांवरून ही संस्था 'फिसू' या नावाने ओळखली जाते. काही वर्षे दोन्ही गटांच्या स्पर्धा वेगवेगळ्या होत राहिल्या. १९५७ मध्ये पॅरिस येथे दोन्ही बाजूंचे विद्यार्थी पुन्हा एकत्र आले. त्या भेटीतून जी वाट मोकळी झाली, तिची परिणती १९५९ मध्ये इटलीतील तुरीन येथे झालेल्या पहिल्या 'युनिव्हर्सिएड'मध्ये झाली. 'युनिव्हर्सिटी' आणि 'ऑलिंपियाड' या दोन शब्दांच्या संयोगातून हे नाव घडले. तुरीनच्या आयोजनामागे इटलीचे क्रीडा संघटक प्रिमो नेबिओलो यांचा पुढाकार होता.

तुरीनमधील एक प्रथा मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. पदक प्रदान करताना विजेत्याच्या देशाचे राष्ट्रगीत न वाजवता 'गाउदेआमुस' हे युरोपीय विद्यापीठांतील जुने लॅटिन विद्यार्थिगीत वाजवले गेले. शीतयुद्धाच्या ऐन काळात घेतलेला हा निर्णय नुसता औपचारिक नव्हता. व्यासपीठावर उभी असलेली व्यक्ती प्रथम विद्यार्थी आहे आणि नंतर एखाद्या राष्ट्राची प्रतिनिधी आहे, हे त्यातून सूचित करायचे होते.

या स्पर्धा दर दोन वर्षांनी, विषम वर्षी भरवण्याची पद्धत रूढ झाली. आता त्यांना 'जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा' असे म्हणतात. जलतरण हा त्यांतील अनिवार्य क्रीडाप्रकारांपैकी एक आहे.

४. पात्रतेचा नियम

ऑलिंपिकमध्ये जलतरणपटूचे शिक्षण किती झाले आहे, हे कोणी विचारत नाही. विद्यापीठ स्पर्धेत तीच पहिली अट असते. स्पर्धक मान्यताप्राप्त विद्यापीठात किंवा तत्सम संस्थेत पदवी वा पदविकेसाठी शिकत असला पाहिजे, अथवा स्पर्धेच्या आधीच्या वर्षात त्याने ती प्राप्त केलेली असली पाहिजे. वयालाही मर्यादा आहे. पूर्वी कमाल वय २८ वर्षे होते. पुढे ते २५ वर आणण्यात आले.

या दोन अटी एकत्र वाचल्या की त्यांचे मर्म ध्यानात येते. वयाची ही वर्षे उच्च शिक्षणाची आहेत आणि बहुतेक जलतरणपटूंच्या शारीरिक क्षमतेचा बहरही याच काळात येतो. म्हणजे ज्या वर्षांत विद्यापीठ सर्वाधिक वेळ मागते, नेमक्या त्याच वर्षांत तलावही सर्वाधिक वेळ मागतो.

५. पाणी काय मागते?

तलाव इतका वेळ का मागतो, याचे उत्तर पाण्याच्या गुणधर्मांत आहे. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते. पोहणारा पुढे सरकतो तेव्हा पाणी त्याला मागे रेटते आणि हा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो विरोध पार करण्यासाठी लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की वेग २ टक्क्यांनी वाढवायचा असेल तर सुमारे ६ टक्के अधिक शक्ती लावावी लागते.

केवळ दंडातील बळ वाढवून हा हिशेब जुळत नाही. शरीर पाण्यात अधिक सरळ ठेवणे, हाताने पाणी नेमके 'पकडणे', श्वास घेताना डोके कमीत कमी हलवणे अशा बारीकसारीक गोष्टींतून विरोध कमी करावा लागतो. ही कौशल्ये पाण्यातच घडतात आणि सराव थांबला की झपाट्याने बोथट होतात. म्हणून उच्च स्तरावरील जलतरणपटू पहाटे आणि सायंकाळी असा दोन वेळा सराव करतात. त्याला व्यायामशाळेतील मेहनतीची जोड असते. सकाळचे व्याख्यान आणि प्रयोगशाळा यांच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास पाण्यात, असा दिनक्रम वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. परीक्षेच्या काळात महिनाभर सराव सोडला, तर तेवढी भरपाई पुढच्या महिन्यात करता येईलच असे नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
रिकाम्या जागा भरा.
(अ) पहिली युनिव्हर्सिएड …… साली …… येथे झाली.
(आ) पाण्याचा विरोध पार करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या …… प्रमाणात वाढते.

६. शर्यतीचे स्वरूप आणि नियम

६.१ तलाव व क्रीडाप्रकार

विद्यापीठ स्पर्धांतील शर्यती ऑलिंपिकप्रमाणेच ५० मीटर लांबीच्या तलावात होतात. प्रत्येक लेन अडीच मीटर रुंद असते आणि पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस राखले जाते. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय अशा चार शैली आहेत. चारही शैली एकाच शर्यतीत पोहायच्या असतील तर तिला मेडले म्हणतात.

मेडलेतील क्रम वाचकाला गोंधळात टाकू शकतो. वैयक्तिक मेडलेत बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल असा क्रम असतो. मेडले रिलेत मात्र बॅकस्ट्रोक प्रथम येतो. कारण साधे आहे. बॅकस्ट्रोकची सुरुवात पाण्यातून, कठड्याला धरून होते. रिलेत हा प्रकार मध्ये ठेवला असता, तर येणारा आणि निघणारा असे दोघे एकाच ठिकाणी आले असते.

६.२ प्राथमिक फेरीपासून अंतिम फेरीपर्यंत

५०, १०० आणि २०० मीटरच्या शर्यतींत प्राथमिक फेरी, उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी असे टप्पे असतात. अंतिम फेरीत आठ जण उतरतात. आधीच्या फेरीत सर्वांत कमी वेळ नोंदवणाऱ्याला चौथी लेन मिळते, त्याच्या खालोखाल असलेल्याला पाचवी, मग तिसरी, सहावी असा क्रम कडेपर्यंत जातो. त्यामुळे वेगवान स्पर्धक मध्यभागी एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात पोहतात. कडेच्या लेनमधून कोणी पदक मिळवले, तर समालोचक त्याचे विशेष कौतुक का करतात, हे यावरून कळेल.

सुरुवातीचा इशारा होण्यापूर्वी हालचाल केल्यास स्पर्धक बाद होतो. ब्रेस्टस्ट्रोक वगळता इतर शैलींत सूर मारल्यावर व प्रत्येक वळणानंतर १५ मीटरपर्यंतच पाण्याखाली राहता येते. ब्रेस्टस्ट्रोक व बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. चार वर्षांची मेहनत एका हाताच्या चुकीच्या स्पर्शाने वाया जाऊ शकते.

६.३ वेळ शतांश सेकंदातच का मोजतात?

जलतरणात वेळ ०.०१ सेकंदापर्यंत मोजला जातो. भिंतीवर लावलेल्या टचपॅडला हात लागताच घड्याळ थांबते. आजची यंत्रे याहून कितीतरी सूक्ष्म मोजमाप करू शकतात; तरीही नियम शतांशावर थांबतो. त्यामागे एक प्रसंग आहे.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ शतांशापर्यंत सारखीच, म्हणजे ४ मिनिटे ३१.९८ सेकंद भरली. तेव्हा सहस्रांश पाहण्यात आले आणि ०.००२ सेकंदाच्या फरकाने लार्सनला सुवर्णपदक देण्यात आले. आता थोडा हिशेब करू. ४०० मीटर अंतर सुमारे २७२ सेकंदांत कापले, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला जवळपास दीड मीटर. या वेगाने ०.००२ सेकंदात केवळ ३ मिलिमीटर अंतर कापले जाते. उलट, ५० मीटरच्या तलावाच्या लांबीत ३ सेंटिमीटरपर्यंतचा अधिकचा फरक नियमानुसार ग्राह्य धरला जातो. एक लेन दुसरीहून काही मिलिमीटर लांब असणे बांधकामात सहज संभवते. मग तो निकाल पोहणाऱ्यांच्या वेगाचा होता, की गवंड्याच्या हाताचा?

या शंकेमुळे पुढे सहस्रांशाचा आधार घेणे बंद झाले. शतांशापर्यंत वेळ सारखी असल्यास दोघांनाही तेच स्थान मिळते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्स, चॅड ले क्लॉस आणि लास्लो चेह या तिघांना ५१.१४ सेकंद या एकाच वेळेबद्दल रौप्यपदक देण्यात आले, ते याच नियमाने. मोजण्याचे साधन कितीही सूक्ष्म असले तरी ज्या वस्तूवर ते मोजमाप आधारलेले आहे, तिच्या अचूकतेपलीकडे निकाल नेऊ नये, हे तत्त्व कोणत्याही ज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे.

७. विद्यापीठ स्पर्धांचे स्थान

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. जागतिक जलतरण अजिंक्यपद स्पर्धाही बहुधा त्याच वर्षी आणि त्याच हंगामात येते. मग चांगले जलतरणपटू तिकडेच जाणार आणि विद्यापीठ स्पर्धेत दुसऱ्या फळीचे उरणार, असे नाही का? या म्हणण्यात तथ्य आहे. अनेक देश आपला प्रमुख संघ अजिंक्यपद स्पर्धेसाठी राखतात आणि विद्यापीठ स्पर्धेत उमेदीच्या जलतरणपटूंना पाठवतात. २०२५ मध्ये जर्मनीतील ऱ्हाइन-रूर स्पर्धांचे जलतरण बर्लिन येथे जुलैत झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच सिंगापूर येथे अजिंक्यपदाच्या शर्यती सुरू झाल्या. एवढ्या कमी अंतराने दोन्हीकडे सर्वोत्तम पोहणे सोपे नसते.

तथापि उलट उदाहरणेही आहेत. इटलीचा ग्रेगोरिओ पाल्त्रिनिएरी २०१६ मध्ये १५०० मीटरचा ऑलिंपिक विजेता ठरला होता. २०१७ च्या उन्हाळ्यात बुडापेस्ट येथे त्याने त्याच अंतराचे जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच तैपेई येथील युनिव्हर्सिएडमध्ये ८०० मीटर, १५०० मीटर व खुल्या पाण्यातील १० किलोमीटर या तिन्ही शर्यती जिंकल्या. चीनमधील चेंगदू येथे २०२१ साठी ठरलेल्या स्पर्धा कोविडच्या साथीमुळे लांबून २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये झाल्या. फुकुओका येथील अजिंक्यपद स्पर्धा जेमतेम संपत होती. तेथे १०० मीटर बटरफ्लायचे सुवर्णपदक मिळवलेल्या झांग युफेईने चेंगदू येथे ९ सुवर्णपदके पटकावली. ब्रेस्टस्ट्रोकमधील तिन्ही अंतरे फुकुओका येथे जिंकणारा छिन हाययांगही चेंगदूच्या तलावात उतरला आणि त्यानेही सुवर्णपदके मिळवली.

यावरून असा निष्कर्ष निघतो, की या स्पर्धेचा दर्जा सर्व शर्यतींत व सर्व वर्षी सारखा नसतो. एखाद्या शर्यतीत ऑलिंपिक विजेत्याच्या शेजारच्या लेनमध्ये प्रथमच परदेशी आलेला विद्यार्थी पोहत असतो. या विद्यार्थ्याच्या दृष्टीने स्पर्धेचे मोल पदकापेक्षा वेगळे आहे: आपण कोठे उभे आहोत, हे त्याला येथे शतांश सेकंदापर्यंत नेमके कळते.

यजमान शहराच्या दृष्टीनेही या स्पर्धांचा विचार करावा लागतो. इंग्लंडमधील शेफील्ड या पोलाद उद्योगाच्या मंदीने खचलेल्या शहराने १९९१ च्या स्पर्धांसाठी पाँड्स फोर्ज हे भव्य जलतरण केंद्र उभारले. शहराला दर्जेदार तलाव मिळाला. पण स्पर्धांच्या खर्चापोटी काढलेल्या कर्जाचे ओझे पुढे दीर्घकाळ वाहावे लागले. २०२५ मध्ये जर्मन आयोजकांनी शक्यतो अस्तित्वात असलेलीच क्रीडासंकुले वापरण्याचे धोरण ठेवले. रूर खोऱ्यातील स्पर्धांचे जलतरण शेकडो किलोमीटर दूर बर्लिनला होण्याचे गमक त्यात आहे.

८. शिक्षण आणि पोहणे: दोन वाटा

अमेरिकेत जलतरणाचा कणा महाविद्यालयीन व्यवस्था हाच आहे. तेथील विद्यापीठे जलतरणपटूंना शिष्यवृत्ती देतात, स्वतःचे तलाव व प्रशिक्षक पुरवतात आणि संघात राहण्यासाठी अभ्यासातील समाधानकारक प्रगतीची अट घालतात. या व्यवस्थेचा लाभ परदेशी विद्यार्थीही घेतात. फ्रान्सचा लिऑन मार्शां ॲरिझोना स्टेट विद्यापीठात संगणकशास्त्र शिकत असताना बॉब बाउमन यांच्या मार्गदर्शनाखाली घडला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने चार वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. मात्र या व्यवस्थेतही निवड करण्याची वेळ येतेच. केटी लेडेकीने २०१८ मध्ये व्यावसायिक जलतरणपटू होण्याचे ठरवले तेव्हा स्टॅनफर्डच्या महाविद्यालयीन संघातून पोहण्याचा हक्क तिला सोडावा लागला. शिक्षण मात्र तिने सोडले नाही. मानसशास्त्राची पदवी पूर्ण केली.

भारतात हे चित्र निराळे आहे. भारतीय विद्यापीठ संघ आंतरविद्यापीठ स्पर्धा भरवतो आणि जागतिक स्पर्धांसाठी देशाचा संघ पाठवतो. २०२० मध्ये भुवनेश्वर येथून खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धांना प्रारंभ झाला आणि जलतरणाला त्यांत स्थान मिळाले. तरीही बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या वर्षांत पोहणे थांबते, ही पालक व प्रशिक्षकांची नेहमीची खंत आहे. विद्यापीठाच्या उंबरठ्यावर पोहोचण्यापूर्वीच अनेकांचा तलाव सुटलेला असतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याचे उदाहरण बोलके आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो सहभागी झाला. २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्याने ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले. १९८६ मधील खजानसिंग यांच्या रौप्यपदकानंतर भारताला या स्पर्धांत जलतरणात मिळालेले ते पहिलेच पदक होते. पुढे राज्य शासनाने त्याची तहसीलदार म्हणून नियुक्ती केली. हा गौरव खराच. पण प्रशासनातील जबाबदारी आणि दिवसाचे चार-पाच तास पाण्यात, ही सांगड किती अवघड असते, याचीही कल्पना आपण करू शकतो. खेळाडूला उपजीविका देणे आणि खेळण्यासाठी वेळ देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्यापीठाकडे देण्यासारखी सर्वांत मौल्यवान वस्तू वेळ हीच आहे: परीक्षेची लवचीक तारीख, हजेरीतील सवलत, तलावाजवळचे वसतिगृह.

नोकरी, घर आणि अभ्यास यांचा मेळ घालणाऱ्या तुम्हां मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. शिक्षणाची रचना शिकणाऱ्याच्या जीवनाला सामावून घेईल अशी असावी, हेच दूरशिक्षणामागील तत्त्व आहे. विद्यार्थी-खेळाडूची मागणीही त्याहून निराळी नाही.

९. सारांश

विद्यापीठ क्रीडास्पर्धांची परंपरा १९२३ पासूनची असून १९५९ च्या तुरीन येथील स्पर्धांपासून तिला आजचे स्वरूप आले. स्पर्धक विद्यार्थी असला पाहिजे, ही तिची मूलभूत अट आहे. पाण्याच्या विरोधामुळे जलतरणात अखंड सरावाला पर्याय नसतो आणि हा सराव ऐन शिक्षणाच्या वर्षांतच करावा लागतो. म्हणून शिक्षण व खेळ यांतील ताण येथे अधिक जाणवतो. तो ताण व्यक्तीच्या जिद्दीने काही अंशी सुसह्य होतो; परंतु तो खऱ्या अर्थाने कमी करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर येते. या स्पर्धांच्या पदकतालिकेत देशांचे जलतरण तर दिसतेच, पण त्यांची विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांना किती सामावून घेतात, याचेही प्रतिबिंब काही प्रमाणात पडलेले असते.

१०. पारिभाषिक शब्द

मेडले : चारही शैलींचा समावेश असलेली शर्यत.
रिले : चार जलतरणपटूंनी एकापाठोपाठ एक पोहण्याची सांघिक शर्यत.
टचपॅड : भिंतीवरील स्पर्शसंवेदी पट्टी, हात लागताच वेळ नोंदवते.
शतांश सेकंद : सेकंदाचा शंभरावा भाग.

११. स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १९५९, तुरीन (आ) घनाच्या

१२. सरावासाठी स्वाध्याय

१. 'विद्यापीठ स्पर्धा म्हणजे छोटे ऑलिंपिक' या विधानाची मर्यादा स्पष्ट करा.
२. जलतरणात वेळ सहस्रांश सेकंदात न मोजण्यामागील कारण सोदाहरण लिहा.
३. अमेरिका व भारत येथील विद्यार्थी-जलतरणपटूंच्या परिस्थितीतील भेद तुमच्या शब्दांत मांडा.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या परिसरातील जलतरण तलावाला भेट द्या. तेथे नियमित सराव करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचा दिनक्रम समजून घ्या आणि त्यावर सुमारे ३०० शब्दांचा माहितीपर लेख लिहा. नाव छापण्यापूर्वी त्याची संमती घेण्यास विसरू नका.